मराठी बोलणारी बाई पाहिजे

गीता सोनकांबळेचं घर हिम्मतरावांच्या घरापासून पायी वीस मिनिटांवर होतं. गच्चीवर ओल्या चादरी वाळत घालायला गेलं की तिला अड्डागुट्ट्याची पाण्याची टाकी दिसायची, आणि टाकीच्या पुढे दोन गल्ल्या सोडून तिचं दार. गेल्या अकरा महिन्यांत ती त्या दारात उभी राहिली ती फक्त रविवारी दुपारी, चार तास, तेही सगळ्या रविवारी नाही. दुबईला गेलेला माणूस वर्षाकाठी महिनाभर तरी घरी येतो. सिकंदराबादेत राहून सिकंदराबादेतल्याच आपल्या घरी जाता येत नाही, हे भाग्य फक्त चोवीस तासांच्या बाईचं.

'चोवीस तासांची' ही ब्युरोची भाषा. मेट्टुगुड्यात एका औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर हा ब्युरो आहे आणि तिथे बायका तासांवरून ओळखल्या जातात. आठ तासांची म्हणजे नर्सिंग शिकलेली, सुई टोचणारी. बारा तासांची म्हणजे सकाळी डबा घेऊन येणारी आणि संध्याकाळी डबा घेऊन जाणारी. चोवीस तासांची म्हणजे जिचं अंथरूण रोग्याच्या खाटेखाली गुंडाळून ठेवलेलं असतं ती. नियम एकच, पण काय कडक. बदलीची बाई दारात यावी, घरच्यांनी तिला 'चालेल' म्हणावं, मगच आधीच्या बाईने चप्पल पायात घालावी. तोवर तिचं मूळ आधारकार्ड आणि शाळेचा दाखला ब्युरोच्या लोखंडी कपाटात. कायद्यात हे कुठे बसतं असं विचारू नका. विचारणाऱ्या बाईला तिथे काम मिळत नाही.

हिम्मतराव ब्याऐंशीचे. मूळचे देगलूरकडचे, घरची शेती, पण उभं आयुष्य रेल्वेत गार्ड म्हणून गेलं. तेलुगू फर्डी, उर्दू गोड, इंग्रजी अर्ज लिहिण्यापुरती आणि मराठी घरातली, अशा चार भाषांचा माणूस. दुसऱ्यांदा पक्षाघाताचा झटका आला तेव्हा उजवं अंग गेलंच, पण डोक्यातल्या तीन भाषाही पुसल्या गेल्या. उरली ती मराठी, आणि तीही रेल्वे क्वार्टरातली नाही. सात-आठ वर्षांच्या, गुरांमागे फिरणाऱ्या पोराची. म्हातारा खाटेवर पडून विचारायचा, "म्हस आली का?" आणि नातवंडं, ज्यांना मराठी फक्त फोनवर आजी-आत्यांना 'हो हो' म्हणण्यापुरती येत होती, एकमेकांकडे बघायची.

म्हणून सूनबाईंनी, म्हणजे शिल्पावहिनींनी, ब्युरोला कळवलं की मराठी बोलणारी बाई पाहिजे. बाकी कसलीच अट घातली नाही. शिल्पावहिनी आबिड्सच्या एका बँकेत, नवरा अभिजीत महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. त्यांच्यावर मी राग धरणार नाही. त्यांनी वृद्धाश्रमात विचारून पाहिलं, तिथे अंथरुणाला खिळलेले आणि न जेवणारे घेत नाहीत. व्यायाम करून घेणारा मुलगा आणला, तो घड्याळाकडे बघत वीस मिनिटं पाय वरखाली करून जायचा. रेल्वेच्या दवाखान्यात नेलं तर तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, घरी न्या, आता जे करायचं ते घरीच. या घरीच करणाऱ्याचं नाव काय, ते मात्र कुणी सांगत नाही. ते नाव गीता.

म्हातारा गीताच्या हातून जेवायचा. दुसऱ्या कुणाच्या हातून नाही. त्यात तिची एक युक्ती होती. 'आ करा बाबा' म्हटलं की दात घट्ट मिटायचे. म्हणून तिने एकदा सहज, स्वतःच्या आजीच्या तोंडचं वाक्य टाकलं.

"बापू, म्हशीला पाणी दावलं का?"

"दावलं," म्हातारा म्हणाला. शब्द संपला तरी तोंड उघडंच राहिलं, आणि तेवढ्यात दुधात कुस्करलेल्या भाकरीचा चमचा आत. मग वैरण, मग वासरू, मग गोठ्यातलं शेण. अर्धी वाटी व्हायला अख्खं गुरांचं खिल्लार लागायचं. तो तिला जयवंता म्हणायचा. जयवंता त्याची थोरली बहीण, जिने त्याला कडेवर घेऊन वाढवलं. ती जाऊन तीस वर्षं झाली होती.

एकदा नांदेडहून त्यांच्या भावकीतली एक म्हातारी भेटायला आली. गीताने चहा पुढे केला तेव्हा तिने विचारलं, "आडनाव काय म्हणायचं तुझं?" गीताने सांगितलं. चहावर साय धरेपर्यंत कप तसाच राहिला, आणि शिल्पावहिनी मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं शोधायला लागल्या. त्याच वेळी, त्याच खोलीत, हिम्मतराव गीताच्या हातून शिरा खात होते आणि आणखी मागत होते. गीताला हसू आलं आणि रागही आला. तिने दोन्ही गिळलं.

ब्युरोने बदल्या पाठवल्या नाहीत असं नाही. पहिली खम्ममची, दुसरी ओडिशाची, तिसरी तर केरळची शिकलेली सिस्टर. तिघींपुढे म्हाताऱ्याने दात आवळले. गीता बहिणीच्या मुलीच्या लग्नाला बिलोलीला गेली होती तेव्हा दोन दिवस पाण्याचा थेंब घेतला नाही. शेवटी नाकातून नळी घातली, ती त्याने डाव्या हाताने उपसून काढली, नाकातून रक्त. हळद लागायच्या आधी गीता परतीच्या गाडीत बसली होती. त्यानंतर ब्युरोचे अनिलसर फोनवर ठरलेलं वाक्य म्हणायचे, "अम्मा, बदली आनेतक हिलना नक्को. बुड्ढा मरा तो किसके गले में?"

पळून का गेली नाही, असं तुम्ही म्हणाल. कार्ड कपाटात होतं हे एक. पण खरं सांगायचं तर कार्डापेक्षा ते उघडं राहिलेलं तोंड जास्त घट्ट होतं. आपण गेलो तर हा उपाशी मरेल, हे ज्याला माहीत आहे त्याला कडीकुलूप लागत नाही.

डिसेंबरात एका सकाळी ती म्हाताऱ्याची कूस बदलत होती आणि सासूचा, केसरबाईंचा फोन आला. फोन खांद्याने कानाशी दाबून ती म्हणाली, "बोला आत्याबाई." केसरबाईंनी इकडचं तिकडचं केलं आणि मग सांगितलं की मित्रा न्हातीधुती झाली. मित्रा म्हणजे संघमित्रा, गीताची लेक, सातवीतली.

"कधी?"

"चार दिस झाले. पोरगी म्हणली आईला सांगू नका, आईला येता येत नाही, उगं रडत बसल."

गीताने म्हाताऱ्याची पाठ पुसली, पावडर लावली, चादर ओढली. मग ती गच्चीवर गेली आणि टाकीकडे तोंड करून रडली. पोरीने पहिल्यांदा रक्त बघितलं तेव्हा आपण वीस मिनिटांवर परक्या माणसाचं अंग पुसत होतो, हे तिला सहन होईना. त्या दिवशी तिने ठरवलं की इथून निघायचं.

वाट फुटली ती म्हाताऱ्याच्याच पाठीतून. माकडहाडावर जखम झाली होती आणि दर बुधवारी एका संस्थेची गाडी यायची. जे बरे होणार नाहीत त्यांच्या घरी जाऊन दुखणं कमी करायचं, जखमा धुवायच्या, घरच्यांना शिकवायचं, असं त्या लोकांचं काम. गाडीत एक डॉक्टर, एक मदतनीस आणि त्रिवेणी सिस्टर. सिस्टर बेगम बाजारच्या एका जुन्या मराठी घरातली, बोलायला फटकळ. तिने गीताचा हात बघितला, जखमेची कड बघितली आणि म्हणाली, "गीताताई, आमची मदतनीस लग्न होऊन चालली. नऊ ते पाच, रविवार सुटी. मार्चच्या सोळा तारखेला सोमवारी रुजू व्हायचं, मूळ कागद घेऊन. जागा एकच आहे. तुम्ही नाही आलात तर यादीतली पुढची."

नऊ ते पाच. हे तीन शब्द गीता दिवसभर मनात घोळवत राहिली.

अनिलसर ऐकून हसले. म्हणाले, जा की, मी कुठे धरलंय, फक्त म्हातारा जिच्या हातून खाईल अशी एक बाई दाखव. मराठी बाई आमच्याकडे दुसरी नाही. तूच तयार कर. आणि दोन मार्चला त्यांनी भाग्यलक्ष्मीला पाठवून दिलं.

भाग्यलक्ष्मी तेवीस वर्षांची, नागरकर्नूलच्या पलीकडच्या खेड्यातली. मराठीचा गंध नाही. दुपारी तिच्या ब्लाऊजवर दोन ओले डाग दिसले तेव्हा गीताने विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं. तिला दीड वर्षाची पोरगी होती, तिला आईपाशी ठेवून आली होती, दूध तोडून चार दिवस झाले होते.

"पंधरा दिवसांची बदली आहे अक्का," ती तेलुगूत म्हणाली. "सर म्हणाले, ही केली की पुढे बारा तासांची ड्यूटी देतो. मग खोली घेऊन बाळाला इकडे आणणार. उगादीला तर घरीच जाणार आहे मी."

दूध आटावं म्हणून गीताने तिला पाट्यावर कोबीची पानं ठेचून बांधायला दिली आणि शिकवणी सुरू केली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर भाग्यलक्ष्मी तेलुगू अक्षरांत एकेक वाक्य उतरवायची. म्हशीला पाणी दावलं का. वैरण टाकली का. वासरू सुटलं का. गीताही तेलुगू वाचणारी, त्यामुळे 'दावलं'चं 'दावलु' झालं की ती लगेच कान पकडायची. आजोबा म्हणून तातय्या म्हणायचं नाही, बापू म्हणायचं. पदर डोक्यावर घ्यायचा, कारण जयवंता घ्यायची. चमचा डावीकडून न्यायचा. उत्तर मिळेपर्यंत थांबायचं, घाई केली की ठसका लागतो आणि ठसका फुप्फुसात गेला की संपलं. पोरगी हुशार होती. सहा दिवसांत तिला वीस वाक्यं आली, आणि वाक्यांबरोबर हेलही आला. कान बसावा म्हणून गीता कामातलंही तिच्याशी मराठीतच बोलायची.

सातव्या दिवशी गीता कणीक मळत होती. हॉलमधून शिल्पावहिनींचा आवाज आला, अभिजीतशी फोनवर. "ही पोरगी जमली तर हिलाच धरून ठेवायचं, अभि. अनिलला मी सांगितलंय, हिला दुसरीकडे हलवायचं नाही. पुन्हा तोच ताप माझ्याच्याने होणार नाही. वर्षभर तरी नाही."

गीताचा हात कणकेत थांबला. पलीकडे मोरीत भाग्यलक्ष्मी चादरी धूत होती, गुणगुणत. तिला जाऊन सांगायला पंधरा पावलं. सांगितलं असतं तर पोरीने त्याच संध्याकाळी पिशवी उचलली असती. गीताने कणीक मळून ओल्या फडक्याखाली ठेवली, हात धुतले आणि त्या दुपारी तिला एकदम अकरा नवी वाक्यं शिकवली. मी तिची बाजू घेत नाही. मी फक्त सांगतोय की त्या कणकेपाशी उभं राहिल्यावर तुम्ही-आम्हीही काय केलं असतं, ते आपापल्या मनाशी बघावं.

तेरा तारखेपासून भाग्यलक्ष्मीची परीक्षा. ठरलं असं की गीताने म्हाताऱ्याच्या नजरेला पडायचं नाही, स्वयंपाकघरात नाहीतर गच्चीवर राहायचं. सकाळी दात आवळले. दुपारी आवळले. भाग्यलक्ष्मी रडकुंडीला येऊन आत आली आणि गीताने तिला परत ढकललं, "जा. आवाज बारीक ठेव. विचार, वासरू सुटलं का." हे जमलं नाही तर सोळा तारीख गेली, आणि सोळा तारीख गेली तर मित्राची आणखी किती वर्षं याच गच्चीवरून बघायची, याचा हिशेबच नव्हता.

संध्याकाळी दाराआडून तिने ऐकलं.

"बापू, वासरू सुटलं का?"

मग तो चिरका आवाज, "सुटलं की. समदं दूध प्यालं." चमचा दातांना लागल्याचा आवाज. गिळल्याचा आवाज. आणि मग, "जयवंता, लई येळ लावलास आज."

गीता दाराला टेकून खाली बसली. सुटले, असं तिच्या मनात आलं, आणि पाठोपाठ दुसरंही आलं, जे तिला आवडलं नाही. अकरा महिने ती समजत होती की म्हातारा तिला ओळखतो. नाव चुकीचं घेतो, पण हात ओळखतो. तो काही ओळखत नव्हता. डोक्यावर पदर, एक म्हैस, एक वासरू. एवढ्यावर कुणीही जयवंता. अकरा महिने आपण कुणासाठी अडकून पडलो होतो, हे तिला समजेना. डोळे पुसून ती उठली आणि कुकर लावला.

पंधराला रविवारी अनिलसर स्वतः आले, आधारकार्ड आणि दाखला घेऊन. गीताच्या हातात कागद ठेवले आणि त्याच लिफाफ्यात भाग्यलक्ष्मीचे घातले. भाग्यलक्ष्मीने विचारलं, सर, परवा मंगळवारी माझे पंधरा दिवस होतात ना? सर म्हणाले, "हौ हौ, देखेंगे." शिल्पावहिनींनी गीताला एक साडी दिली आणि खरंच डोळे भरून म्हणाल्या, "गीता, तुझे उपकार विसरणार नाही गं." गीता वीस मिनिटं चालत घरी गेली. मित्रा दारात होती. ती आईच्या कमरेला मिठी मारत नव्हती आता, खांद्याला मारत होती.

सोमवारी ती निळा कोट घालून रुजू झाली. बुधवारी, उगादीच्या म्हणजे आपल्या पाडव्याच्या आदल्या दिवशी, गाडी हिम्मतरावांच्या दारात थांबली. शिल्पावहिनी बँकेत होत्या. खाटेवरून म्हाताऱ्याने गीताच्या कोटाकडे पाहिलं. "डागतरीन आली का?" त्याने विचारलं, भाग्यलक्ष्मीला.

डॉक्टर तपासत असताना भाग्यलक्ष्मीने गीताला स्वयंपाकघरात ओढलं. डोळे सुजलेले. सर म्हणतात मराठी बाई मिळेपर्यंत हलायचं नाही, ती तेलुगूत, धापा टाकत सांगू लागली. मी काल ठरवलं अक्का, मराठी बोलायचंच नाही. तो जेवला नाही की हे लोक मलाच हाकलतील. सकाळी तेलुगूत बोलले, त्याने तोंड उघडलं नाही. दुपारी तेलुगूत बोलले, नाही उघडलं. संध्याकाळी त्याच्या ओठाला भेगा पडल्या होत्या. तो माझ्याकडे असा बघत होता, जशी माझी पोरगी बघते, भूक लागली की. मग मला राहवलं नाही. विचारलं मी म्हशीचं. सगळी वाटी खाल्ली.

गीताने तिच्यापुढे पाण्याचा पेला धरला.

"तुमच्या कागदावर लिहा ना अक्का, की हिला जमत नाही. तुमच्या संस्थेचं ऐकतात ते. उद्या उगादी आहे. माझी आई पोरीला नवा झगा घालून रस्त्यावर घेऊन बसेल."

आतून हाक आली म्हणून दोघी खोलीत गेल्या. त्रिवेणी सिस्टर पट्टी बांधून झाल्यावर कागद भरत होती. जखम आकसली होती. वजन घटलं नव्हतं, अंग स्वच्छ, कुठे लाली नाही. सिस्टरने शेवटच्या ओळीवर पेन टेकवलं आणि मराठीतच विचारलं, "काळजी घेणारी व्यक्ती. जमतंय की बदल हवा? गीताताई, हे घर तुम्हाला माहीत. काय लिहू? 'बदल हवा' लिहिलं तर मी आजच ब्युरोला पत्र देते."

बदल हवा म्हटलं तर काय होईल, ते गीताला पाठ होतं. दोन दिवसांत दात आवळले जातील. तिसऱ्या दिवशी शिल्पावहिनींचा फोन येईल, त्या रडतील, म्हणतील फक्त आठ दिवस गं गीता. आता कार्ड कपाटात नाही, कुणी जबरदस्ती करू शकत नाही. पण गीता आपल्या स्वभावाला ओळखून होती. ती गेली असती.

भाग्यलक्ष्मी खाटेच्या उशाशी उभी होती, डोक्यावर पदर घेऊन.

"जमतंय, सिस्टर," गीता म्हणाली. "बदल नको. हिच्याइतकं चांगलं दुसरी कुणी करणार नाही."

सिस्टरने लिहिलं आणि खाली गीताची सही घेतली. हे सगळं बोलणं मराठीत झालं होतं, आणि भाग्यलक्ष्मीला त्यातला शब्द न् शब्द समजला. समजेल एवढी मराठी गीतानेच तिला शिकवली होती.